भिंतीवरची थोरली

गाईचं तोंड उघडायचं म्हणजे एकट्याचं काम नव्हे. बाबा शिंगं धरायचे, आई दावं ताणून धरायची आणि थोरली तांबडीच्या जबड्यात बाजूनं हात घालून जीभ बाहेर ओढायची. जिभेवरचे फोड फुटून सालं निघालेली असायची. तुरटीच्या पाण्याची पिचकारी बसली की तांबडी अंग झाडायची आणि लाळेची जाड तार थोरलीच्या मनगटापासून दंडापर्यंत चिकटून राहायची. तोंड झालं की खूर. खुरांच्या बेचक्यात किडे पडू नयेत म्हणून ते धुवायचे, पुसायचे, औषध लावायचं. एक गाय संपली की दुसरी. तोवर ऊन गोठ्याच्या पत्र्यावर चढलेलं असायचं आणि पत्रा कडकड वाजायला लागायचा.

त्या उन्हाळ्यात खुरकुतीनं घर बसवलं होतं. दूध इतकं आटलं होतं, की डेअरीवर जाताना बाबा कॅन दोन्ही हातांनी उचलायचे. एका हातानं उचलला तर तो किती हलका आहे ते लोकांना दिसलं असतं.

थोरली शहरात राहून फार्मसीची पदवी घेऊन आली होती. औषधांचं शिकली म्हणजे डॉक्टरच झाली, फक्त जरा लहान, अशी गल्लीची समजूत. एका सकाळी मागच्या आळीतला गाडीवान लंगडा बैल घेऊन दारात उभा राहिला.

"बघ गं जरा ह्याचा पाय."

"मामा, मी गुरांची डॉक्टर नाही."

"बरं, मग माझी कंबर बघ."

"माणसांचीही नाही."

गाडीवानानं बैलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग एवढी वर्षं तिकडं केलंस तरी काय?"

थोरली हसली, पण नंतर खूर धुताना तोच प्रश्न तिच्या डोक्यात फिरत राहिला. नोकरीसाठी ती कमी हिंडली नव्हती. गोळ्यांच्या कारखान्यात साहेब म्हणाले, "पट्ट्या डब्यात भरायच्या कामाला पदवी लागत नाही, आणि पदवी लागते त्या कामाला अनुभव लागतो." अनुभव कुठं मिळेल असं विचारल्यावर ते म्हणाले, "कामावर लागलात की मिळेल." एका कंपनीला डॉक्टरांच्या दारोदार औषधांची जाहिरात करत फिरणारी माणसं हवी होती. तिथं पहिला प्रश्न मोटारसायकल आहे का, आणि शेवटचाही तोच. सरकारी जागा निघाल्या तेव्हा परीक्षेच्या मैदानावर जत्रेसारखी गर्दी होती. निकालाचं अजून कुणी नाव काढत नव्हतं. तालुक्यातल्या एका औषधाच्या दुकानदारानं तर हात जोडले. "आमच्याकडे सर्टिफिकेट आहे ताई, आणि माणूसही आहे. दोन्ही एकाच माणसात कशाला पाहिजे?"

तिच्या वर्गातली एक मुलगी शिकवण्या घेत होती. एकाचं सर्टिफिकेट कुठल्याशा दुकानात टांगलेलं होतं आणि तो स्वतः मामाच्या हॉटेलात गल्ल्यावर बसायचा. त्या दुकानाचा रंग कोणता, तेही त्यानं पाहिलेलं नव्हतं.

बाजारच्या गावचे मेडिकलवाले शेठ घरी आले ते अशाच दिवसांत. त्यांची दोन दुकानं एका भिंतीला लागून होती, इकडे माणसांची औषधं, तिकडे गुरांचं खाद्य. त्यांचा आधीचा पदवीवाला परगावी निघून गेला होता आणि सर्टिफिकेटाशिवाय दुकान उघडं ठेवता येत नव्हतं. थोरली विहिरीवर बादल्या भरायला गेली होती. परत आली तेव्हा शेठ चहाच्या शेवटच्या घोटापर्यंत आले होते.

"पोरीला दगदग नको," ते बाबांना सांगत होते. "घरी राहू द्या, गुरं बघू द्या. भिंतीला सर्टिफिकेट तेवढं राहील, बाकी आमचा माणूस बघतो. दर महिन्याला पेंड आणि भरडा दारात येऊन पडेल. वर्षभर विचार करायला नको."

बाबा गोठ्याकडे पाहत होते. तोंड आलेल्या गाईला कडबा चाववत नाही, भिजवलेली पेंड तेवढी गिळता येते. घरातली पेंड संपून गेली होती.

"झालं, ठरलं," थोरलीला पाहून बाबा म्हणाले.

तिनं सही केली. कुणी तिचा हात धरला नव्हता. तांबडीच्या फासळ्या तिलाही दिसत होत्या. कागदावर लिहिलं होतं, की दुकानाच्या वेळेत मी रोज हजर राहीन. तिनं ते वाचलं आणि शेठांकडे पाहिलं. "लिहायची पद्धत असते ती," शेठ म्हणाले.

पेंड आली. आई ती घमेल्यात भिजवायची, हातानं कुस्करायची आणि गोळे करून तांबडीच्या घशाशी ठेवायची. "बघ गं," आई म्हणायची, "तुझं शिक्षण कुणाला नाही तरी गाईंना लागू पडलं." ती चेष्टेनंच म्हणायची. थोरलीही हसायची. गाई हळूहळू मान वर करू लागल्या होत्या.

मग एका दुपारी शेजारची काकू अनवाणी पळत आली. "अगं चल, तुझे काका बांधावर पडलेत! भलतंच काहीतरी बोलतायत!"

काका बोरीच्या सावलीत पडले होते. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते आणि ते काकूला आपली मेलेली बहीण समजून तिच्याशी भांडत होते. काकांना मधुमेह आहे हे थोरलीला ठाऊक होतं. रक्तातली साखर उतरली असणार हे ओळखून तिनं येताना उचललेल्या डब्यातली साखर पाण्यात कालवली आणि घोट घोट करून पाजली. काका बऱ्याच वेळानं भानावर आले. "एवढी माणसं का जमलीत?" म्हणून उलट तेच रागावले.

घरी आल्यावर काकूनं गोळ्यांची पट्टी दाखवली. नाव नेहमीचंच होतं, नावापुढचा आकडा वेगळा होता. काकांना चालू होती त्याच्या चौपट जोराची गोळी होती ती.

"काकू, ही कुणी दिली?"

"तूच की! तुझ्याच दुकानातून आणली. म्हटलं, आपल्या माणसाकडून घ्यावं." काकूनं पदराच्या गाठीतून बिल काढलं. खाली थोरलीचं नाव छापलं होतं आणि त्यावर तिच्या सहीचा रबरी शिक्का होता. तिची सही कधी एवढी सुबक आली नव्हती.

तिनं काकूला पहिल्याच जोराच्या गोळ्या आणून दिल्या, नव्या ठेवून घेतल्या आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. काकू जाताना म्हणाली, "तू होतीस म्हणून वाचले गं." थोरलीनं त्या दिवशी जेवण केलं नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

त्याच आठवड्यात शहरातल्या इस्पितळातून फोन आला. कधीतरी तिनं तिथं अर्ज दिला होता. औषध विभागाच्या बाईंनी सरळ सांगितलं, "जागा आहे. पगार फार नाही, आत्ताच सांगते. काम खूप आहे. दुसऱ्या कुठल्या दुकानावर नाव असेल तर तिथून सोडल्याचं पत्र घेऊन ये. महिनाअखेरपर्यंत थांबते मी."

थोरली शेठांच्या दुकानात गेली. तिनं काकांची गोष्ट सांगितली. शेठांनी जीभ चावली, काउंटरवरच्या माणसाला दोन शब्द सुनावले आणि थोरलीसाठी थंड पाणी मागवलं. पण पत्राचं नाव काढताच ते खुर्चीत मागे टेकले.

"वर्षाचं बोलणं झालंय तुमच्या बाबांशी. मी आता कुणाला शोधू?"

"मग मी औषध खात्याच्या कचेरीत जाऊन सांगेन."

"काय सांगाल? रोज हजर असते असं लिहून कुणी दिलंय? सही कुणाची आहे?" शेठ रागानं बोलले नाहीत. लहान मुलाला समजावतात तसं बोलले.

थोरलीची नजर वर गेली. भिंतीवर, तारखांच्या कॅलेंडरशेजारी, तिचं सर्टिफिकेट काचेत लावलेलं होतं. कोपऱ्यातल्या फोटोत तिनं मैत्रिणीचा कोट घातला होता.

"बरं," ती म्हणाली. "लिहून दिलंय तर उद्यापासून हजर राहते."

"या की!" शेठ हसले. "पंखा आहे, पाणी आहे."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटेच उठून गाईंचे खूर उरकायची आणि पहिल्या गाडीनं बाजारच्या गावी जायची. काउंटरवरच्या माणसाला गिऱ्हाइकं 'झटपट' म्हणायची. तो न बघता मागे हात घालून हवी ती पट्टी काढायचा, कात्रीनं हव्या तेवढ्या गोळ्या कापायचा आणि पैसे घ्यायचा, सगळं एका दमात. थोरलीच्या हाताला तुरटीचा आणि गुरांचा वास यायचा. पहिल्याच दिवशी झटपट नाक मुरडून म्हणाला, "गोठा आला वाटतं." तिनं न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"झटपट, डोकं," एक ट्रकवाला म्हणाला.

झटपटनं पट्टी काढली. थोरलीनं तिच्यावर हात ठेवला. "कुणासाठी हवीय?"

"डोक्यासाठी."

"कुणाच्या?"

"बायकोच्या. का? ते डोकं तुमच्या नावावर करू?"

मागची माणसं हसली. थोरलीनं पट्टीवरचा हात काढला नाही. "त्यांना दिवस आहेत का?"

ट्रकवाल्याचं हसू उतरलं. "सातवा चाललाय."

"मग ही नको. ही दुसरी द्या. आणि डोकं रोज दुखत असेल तर डॉक्टरांकडे न्या, तसं ठेवू नका."

तो दुसरी गोळी घेऊन गेला. पण सगळेच असे नव्हते. एकाला तापाची भारी गोळी चिठ्ठीशिवाय हवी होती. "चिठ्ठी नाही बाई, बाहेर गाडी चालू ठेवून आलोय." ती नाही म्हणाली. तो म्हणाला, "हे मेडिकल आहे का चौकी?" आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. एका म्हाताऱ्याला ती गोळ्या कधी, कशा घ्यायच्या ते सांगत होती तेव्हा मागची रांग पायरीखाली उतरली होती. म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळं दोनदा, मोठ्यानं सांगावं लागलं. म्हाताऱ्याला शौचाला होत नाही, हे सगळ्या बाजाराला कळलं.

सगळंच तिला येत होतं असंही नाही. एकदा दोन औषधं एकत्र चालतात की नाही याची तिला खात्री वाटेना. तिनं पिशवीतून पुस्तक काढून पान शोधलं. "अरे, ही तर पुस्तकात बघून सांगतेय!" कुणीतरी ओरडलं आणि झटपट खदखदून हसला. पान सापडेपर्यंत तिच्या पाठीवरून घाम उतरला. औषधं चालत होती. गिऱ्हाईक तोवर निघून गेलं होतं.

संध्याकाळी पाय पोटरीपर्यंत भरून यायचे. गाडीत बसायला जागा मिळाली की तिचा डोळा लागायचा. घरी आईनं एकटीनं दावं धरून धरून मनगट सुजवून घेतलेलं असायचं. "किती दिवस चालायचं हे?" आई विचारायची. थोरलीला सांगता यायचं नाही. आपण करतोय ते बरोबर आहे की नुसता हट्ट आहे, हेही तिला नक्की सांगता आलं नसतं.

आठवडा उलटला तसे शेठ तिच्याकडे आले. "ताई, एक विनंती आहे. तुम्ही येऊ नका. पेंड वाढवून देतो."

"मला पत्र द्या."

"ते जमायचं नाही."

"मग मी येते."

महिना संपत आला तेव्हा शेठ तिच्याशी बोलायचे थांबले आणि पिकअप घेऊन सरळ घरी आले. मागे नव्या महिन्याची पेंड होती. ती उतरवू की नको अशा विचारात हमाल फळीवर बसून राहिला. रविवार होता, थोरली घरी होती. बाबा तांबडीचा पाय मांडीवर घेऊन खूर साफ करत होते. त्यांनी शेठांना बसायला सांगितलं, पण पाय सोडला नाही.

"तुमच्या पोरीला समजवा," शेठ म्हणाले. "तिनं माझं दुकान बसवलं."

"काय केलं? काही उचललं?"

"छे छे!"

"कुणाला टाकून बोलली?"

"गोड बोलते हो. तेच तर. बोलतच राहते. समोरच्याच्या दुकानात आता पाय ठेवायला जागा नाही."

"मग तिनं तिथं काय करायचं असतं?"

"काही नाही!" शेठांचा आवाज चढला. "अहो, मला पोरगी नकोच आहे तिथं. नाव पाहिजे तिचं. पेंड मी कशाची देतो? ती घरी बसते त्याची!"

बाबांचा हात खुरावर थांबला. तांबडीनं पाय ओढून घेतला आणि त्यांनी तो जाऊ दिला.

"काकांची ती गोळी ह्यांच्या दुकानातली?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"हो."

"तू दिली होतीस?"

"नाही."

"इस्पितळात पेंडीएवढं मिळेल?"

"नाही मिळणार. खोलीचं भाडं, येणं-जाणं गेलं की थोडंच उरेल."

"मग कशाला जातेस?"

आई दारात उभी होती, शेठ घड्याळ बघत होते.

"तिथं मी असेन, बाबा," ती म्हणाली.

बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले. गोठ्याच्या कोपऱ्यात मागच्या महिन्याची पोती रचलेली होती. त्यांनी वरचं पोतं कानाला धरून ओढलं, पाठीवर घेतलं आणि वाकून पिकअपकडे निघाले.

"अहो, हे काय करताय?"

"वर्षाचं मी बोललो होतो. मीच फिरतोय. मग तुमची पेंड ठेवून घेणं बरं दिसत नाही." पोत्याखालून त्यांचा आवाज दबून आला. हमालानं घाईघाईनं फळी पाडली.

"आणि गाईंना काय घालू?" आई ओरडली. "माझं डोकं?" पण दुसऱ्या पोत्याला बाबांचा तोल गेला तेव्हा तिनंच पुढे होऊन दुसरं टोक धरलं, सुजलेल्या हातानं. थोरली धावली आणि मधून खांदा दिला. तिघं मिळून ते पोतं गाईंच्या समोरून नेऊ लागले. पेंडीचा वास येताच तांबडीनं मान लांब केली. दावं ताणलं गेलं. मग दुसरीनंही केली. आजारात महिनाभर न हंबरलेल्या गाई हंबरायला लागल्या.

शेवटचं पोतं फोडलेलं होतं. बाबा त्याचं तोंड सुतळीनं बांधायला लागले.

"ते राहू द्या," आई म्हणाली. "त्यात गाईंनी तोंड घातलंय. उष्टं परत देतात का कुणी?"

हमाल हसला आणि मग शेठांकडे बघून गप्प झाला. शेठांनी रुमालानं मान पुसली. कुंपणाबाहेर काका-काकू येऊन उभे राहिले होते, गाडीवानही होता.

"तमाशा कशाला करताय," शेठ हळू म्हणाले. "आणा तो कागद." थोरलीनं आधीच लिहून ठेवलेलं सोडल्याचं पत्र आणलं आणि शेठांनी पिकअपच्या तापलेल्या बॉनेटवर रुमाल टाकून सही केली. कागद थोरलीच्या हातात देताना ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "नाहीतरी आणखी दोघं विचारून गेलीत. तुमच्याच कॉलेजची आहेत. पदवीवाल्यांना काय तोटा आहे का?"

"त्यांना सांगा," थोरली म्हणाली, "मला फोन करा म्हणून."

शेठ पिकअपमध्ये चढले. गाडी धुरळा उडवत गेली. गाई बराच वेळ त्या दिशेनं बघत हंबरत राहिल्या. उरलेल्या अर्ध्या पोत्यातून आईनं दोन ओंजळी काढल्या, नेहमीपेक्षा जास्त पाण्यात भिजवल्या आणि घमेल्यात हात फिरवत बसली. गुठळ्या फुटून नुसतं तपकिरी पाणी झालं तरी ती हात फिरवत होती.

बाबा ओट्यावर बसले. त्यांच्या पाठीला सदरा चिकटला होता आणि श्वास अजून बसला नव्हता. थोरलीनं पाणी आणून दिलं. ते सावकाश प्यायले.

"तिथं बसायचं असतं का उभं राहायचं?" त्यांनी विचारलं.

"उभं राहायचं."

"दिवसभर?"

"हो."

बाबांनी तांब्या खाली ठेवला आणि तिच्या पायांकडे पाहिलं.

"मग चपला चांगल्या बघून घे," ते म्हणाले. "उभ्यानं टाचा धरतात."